निरोपांचा मुक्काम : प्रस्तावना

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे निघालं की वाटेत ओरत्तनाडू लागतं. तिथे मुक्तांबाळ छत्रम आहे. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी ते १८०२ च्या सुमारास उभं केलं. रामेश्वराला निघालेल्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसले राजांनी या वाटेवर अशी बरीच छत्रं बांधली होती. यात्रेकरूनं यावं, पाय धुवावेत, जेवावं, पाठ टेकावी आणि उजाडता उजाडता पुढची वाट धरावी, अशी तिथली रीत. छत्रात कुणी बिऱ्हाड करायचं नसतं. ओसरीवर माणसं वाढायला लागली की समजावं, पुढे कुठेतरी नदीनं वाट अडवली आहे.

मी पुण्याचा. धंद्यानं मेसेजिंगवाला, म्हणजे एका संगणकप्रणालीचा निरोप दुसरीकडे पोचवणाऱ्या मधल्या यंत्रणेची निगा राखणारा. या यंत्रणेला पुस्तकांत मिडलवेअर म्हणतात. ऑफिसात तिला कुणी काहीच म्हणत नाही, कारण ती बंद पडेपर्यंत ती आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. तंजावरातल्या एका कर्जसंस्थेची अशी यंत्रणा तिच्या स्वतःच्या सर्व्हरखोलीतून क्लाउडवर न्यायची होती. चार महिन्यांचं काम म्हणून आलो आणि चौदा महिने राहिलो. हे पुस्तक त्या चौदा महिन्यांतून निघालं. प्रस्तावना छत्रापासून सुरू केली त्याला कारण आहे: वीस वर्षं क्यू सांभाळूनही क्यू म्हणजे काय हे मला त्या ओसरीवर बसल्यावर उमगलं.

ज्यांनी हा धंदा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेरावूरणीच्या शाखेत एका नारळवाल्या शेतकऱ्यानं कर्जाचा हप्ता भरला. ही गोष्ट कर्जखात्याला कळायला हवी, रोख वहीला कळायला हवी, शेतकऱ्याच्या फोनवर एसएमएस जायला हवा, विम्याच्या प्रोग्रॅमलाही खबर हवी. शाखेच्या प्रोग्रॅमनं प्रत्येकाला स्वतः फोन लावायचा ठरवला, तर एसएमएसवाला झोपला असेल त्या दिवशी शेतकरी काउंटरवर ताटकळत उभा राहणार. त्याऐवजी शाखेनं चिठ्ठी लिहून मध्ये ठेवावी, मोकळं व्हावं आणि ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं ती उचलावी. ही चिठ्ठी म्हणजे मेसेज, ठेवायची जागा म्हणजे क्यू, आणि जागेचा कारभारी तो ब्रोकर. कारभारी शब्दाचा पक्का हवा. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तरी घेतलेली चिठ्ठी त्यानं हरवता कामा नये. आमच्या धंद्यात पैसे मोजतात ते या शब्दाचे.

या व्यवसायाच्या इतिहासात दोन मराठी आडनावं ठळकपणे येतात, आणि ती सांगितल्याशिवाय मराठी प्रस्तावना पुढे सरकेल असं मला वाटत नाही. पहिलं रणदिवे. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे अमेरिकेत एमआयटीत शिकले. संगणकाच्या पेटीत वेगवेगळी कार्डं एकाच बसपट्टीवर बसतात आणि एकमेकांशी बोलतात, तसे प्रोग्रॅम का बोलू नयेत, हा त्यांचा प्रश्न. १९८६ मध्ये त्यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स काढली. तिची माहितीची 'बस' वॉल स्ट्रीटवरच्या दलालांच्या टेबलांवर पोचली. १९९४ मध्ये रॉयटर्सनं ती कंपनी विकत घेतली आणि १९९७ मध्ये तिच्यातून टिब्को निघाली. टिब्को हे नावच 'माहितीच्या बसची कंपनी' या इंग्रजी शब्दांचं लघुरूप आहे. दरम्यान १९९३ मध्ये आयबीएमनं एमक्यूसिरीज बाजारात आणलं. ते नावं बदलत बदलत आज आयबीएम एमक्यू म्हणून जगभरच्या बँकांच्या तळघरांत चालू आहे.

दुसरं नाव नेहा नारखेडे. पुण्याच्या पीआयसीटीतून इंजिनिअर होऊन त्या अमेरिकेला गेल्या. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्याबरोबर त्यांनी काफ्का हे मेसेजिंगचं सॉफ्टवेअर घडवलं, २०११ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि २०१४ मध्ये तिघांनी कॉन्फ्लुएंट कंपनी काढली. काफ्काचा व्यवहार छत्राचा, म्हणजे निरोप उचलला की गेला, असा नाही. तंजावरात त्यालाही दाखला आहे. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो लेख कुणी वाचला म्हणून पुसला जात नाही. एकानं पहिल्या ओळीपासून वाचावा, दुसऱ्यानं काल सोडला तिथून. काफ्कात मेसेज असेच लिहिले जातात, एकाखाली एक, आणि कुठपर्यंत वाचलं याची खूण वाचणाऱ्यानं ठेवायची. क्लाउडवर जाताना कुठला निरोप छत्रातला आणि कुठला भिंतीवरचा, हे ठरवण्यात आमचे पहिले दोन महिने गेले. ते वाया गेले असं कुणी म्हटलं की मी अजूनही भांडतो. (या दोन नावांवर 'मराठी माणूस' म्हणून छाती फुगवणाऱ्यांना एक आठवण: दोघांचंही काम उभं राहिलं ते कॅलिफोर्नियात.)

मुळात हलायचंच कशाला? संस्थेची सर्व्हरखोली नीटनेटकी होती. थंड, स्वच्छ, दारावर चंदनाचं बोट लावलेला गणपती. खोलीवर जीव असलेले दोन ज्येष्ठ तंत्रज्ञ होते आणि क्लाउड हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. मी त्यांची बाजू घेतो. आपली पेटी आपल्या डोळ्यांसमोर असण्यात सुख आहेच. पण १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे वेदारण्यमजवळ गजा चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं. नागपट्टिणम, तिरुवारूर, पुदुक्कोट्टई आणि तंजावर या जिल्ह्यांतून ते आत शिरलं. पट्टुकोट्टई, पेरावूरणी भागातल्या नारळबागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि काही गावांत वीज यायला आठवडे लागले. शहरातली खोली जनरेटरवर कशीबशी तरली. डिझेलचा टँकर उशिरा आला असता तर काय, हा प्रश्न मात्र संचालकांच्या मनातून गेला नाही. पाच वर्षं तो तसाच राहिला आणि अखेर त्याचं कंत्राट झालं.

त्या वादळानं आणखी एक गोष्ट शिकवली होती. क्लाउडच्या विक्रेत्यांनी ती सांगितली नसती. वादळात खोली वाचली होती, तुटल्या होत्या वायरी. क्यू मुंबईतल्या क्लाउडवर नेला आणि शाखेची वायर तुटली, तर मुंबईचा क्यू कितीही सुरक्षित असला तरी पेरावूरणीच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य. नदीच्या पैलतीरावर छत्र कितीही ऐसपैस बांधा, ऐलतीरावर अडकलेल्याला छप्पर लागतंच. म्हणून प्रत्येक मोठ्या शाखेत आम्ही एक छोटा क्यू ठेवला: वायर असेल तेव्हा निरोप पुढे ढकलायचा, नसेल तेव्हा जपून ठेवायचा. 'सगळं क्लाउडवर' ही घोषणा ज्यांना प्रिय आहे त्यांना हे पुस्तक या मुद्द्यावर निराश करील.

आता या पुस्तकाचं एकच म्हणणं सांगून टाकतो. मेसेजिंग हलवताना मेसेज हलवायचे नसतात. चांगल्या चाललेल्या क्यूत कुठल्याही क्षणी मूठभर मेसेज असतात, ते दहा मिनिटांत वाहून जातात. न्यायचे असतात ते शब्द, त्या जुन्या कारभाऱ्यानं वर्षानुवर्षं न बोलता पाळलेले. निरोप हरवणार नाही. निरोप एकदाच मिळेल. आधीचा आधी, नंतरचा नंतर. एवढ्या लांबीचा चालेल. अमक्या वेळात पोचेल. यातले निम्मे शब्द कुठेच लिहिलेले नसतात. पंधरा वर्षांपूर्वी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ते गृहीत धरले, आणि तो माणूस आता चेन्नईत किंवा टोरांटोत असतो. नवा कारभारी हुशार आहे, अफाट ताकदीचा आहे, पण त्याचे शब्द वेगळे आहेत.

'एकदाच मिळेल' हाच शब्द घ्या. ॲमेझॉनची एसक्यूएस ही क्लाउडवरच्या जुन्यात जुन्या सेवांपैकी एक. तिची चाचणी २००४ मध्ये झाली आणि ती सर्वांसाठी खुली झाली २००६ मध्ये. तिचा साधा क्यू सांगतो की निरोप किमान एकदा मिळेल. किमान. म्हणजे कधीतरी दोनदाही. क्रम शक्य तितका पाळू, हमी नाही. क्रमाची हमी देणारा वेगळा प्रकार २०१६ मध्ये आला आणि त्याच्या मर्यादाही वेगळ्या आहेत. जुन्या खोलीत एमक्यू आणि डेटाबेस एकाच व्यवहारात बांधलेले होते, दोघांचं एकत्र पक्कं व्हायचं किंवा दोघांचं एकत्र मोडायचं. साध्या क्लाउड क्यूशी अशी गाठ मारता येत नाही. मग हप्ता दोनदा जमा होऊ नये याची जबाबदारी कुणाची? घेणाऱ्या प्रोग्रॅमची. त्यानं प्रत्येक चिठ्ठीचा नंबर वहीत पाहायचा आणि आधी आलेला असेल तर चिठ्ठी हसून बाजूला ठेवायची. शाखेतला जुना रोखपाल हेच करायचा. त्याला कुणी हे मोठ्या शब्दांत शिकवलं नव्हतं.

क्रमाचं म्हणाल तर तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मल्लिपट्टिणमजवळ मनोरा नावाची आठ मजली इमारत आहे. बोनापार्टच्या पाडावाची आठवण म्हणून सरफोजींनी, इंग्रजांचे स्नेही या नात्यानं, ती बांधली. लोक तिचा संबंध वॉटर्लूशी लावतात. पण वॉटर्लूची लढाई जून १८१५ ची आणि तिथल्या लेखावरचं साल आहे १८१४, म्हणजे नेपोलियननं पहिल्यांदा गादी सोडली ते साल. त्या काळी युरोपची बातमी जहाजानं यायची, महिने लागायचे. दगडावर अक्षरं कोरून झाली आणि पुढच्याच वर्षी हा गृहस्थ एल्बा बेटावरून परत पॅरिसात हजर! जूनमध्ये तो पुन्हा हरला म्हणून लेख बदलावा लागला नाही. आमच्याकडे चाचणीत 'खातं बंद करा' हा निरोप 'शेवटचा हप्ता जमा' याच्या आधी पोचला, तेव्हा असं नशीब साथीला नव्हतं. शेतकरी थकबाकीदार ठरला. चाचणी होती म्हणून निभावलं.

अंतराची गोष्ट सोप्या गणिताची आहे, पण ती आधी कुणी मांडत नाही. तंजावर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे अकराशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन अकरा मिलिसेकंद हे निसर्गाचंच देणं झालं. तारा सरळ जात नाहीत आणि वाटेत यंत्रं असतात, म्हणून व्यवहारात तीस धरा. खोलीतल्या खोलीत हेच काम एका मिलिसेकंदात व्हायचं. संस्थेचा रात्रीचा प्रोग्रॅम एक निरोप टाकायचा, पोच यायची वाट पाहायचा, मग दुसरा टाकायचा. कर्जखात्याचा हा मूळ प्रोग्रॅम निदान पहिली दोन वर्षं खोलीतच राहणार होता. लाखभर निरोपांना खोलीत दोन मिनिटांहून कमी वेळ लागे, मुंबईशी तेच करायला पन्नास मिनिटं. यंत्र कितीही मोठं घेतलं तरी यात फरक पडत नाही. फरक पडतो तो दहा-दहाचे गठ्ठे बांधल्यानं आणि एका पोचेसाठी हात बांधून उभं न राहिल्यानं. त्यासाठी प्रोग्रॅम उघडावा लागतो, आणि तो उघडायला कुणी तयार नसतं.

पैशाचंही असंच. खोलीतल्या क्यूत कुणी सेकंदाला दहा वेळा डोकावून 'काही आलं का' विचारलं तरी बिल येत नव्हतं. क्लाउडवर अनेक सेवांत प्रत्येक विचारणेला दाम आहे. सेकंदाला दहा म्हणजे दिवसाला ८,६४,००० विचारणा, तीही एका प्रोग्रॅमची, रिकाम्या क्यूपाशी. दारात वीस सेकंद थांबून मग उत्तर घेण्याची सोय वापरली की तेच काम ४,३२० विचारणांत होतं. पहिल्या महिन्याचं बिल पाहून संस्थेचे हिशेबनीस माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. दोष माझा होता.

या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण लिपीवर आहे, आणि ते तंजावरात बसल्यामुळेच लिहिलं गेलं. इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी दरबाराच्या मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे आहेत. हुकूम, हिशेब, पत्रं. कागद टिकला, शाई टिकली, गठ्ठ्याला बांधलेलं फडकंही टिकलं. वाचणारा मात्र दुर्मीळ झाला. तमिळ विद्यापीठानं त्यांतल्या कागदांचे तमिळ अनुवाद करून घेतले, म्हणून आज निदान काही भाग बोलतो. निरोप सुखरूप पोचला आणि वाचता आला नाही, हा प्रकार संगणकातही रोज घडतो. संस्थेच्या जुन्या नोंदींत कर्जदारांची तमिळ नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत भरलेली होती. खोलीतल्या दोन्ही टोकांना तोच फॉन्ट, त्यामुळे बिघाड कुणाला दिसला नाही. क्लाउडवरच्या नव्या प्रोग्रॅमनं येणारा मजकूर युनिकोडच असणार असं धरलं आणि चाचणीच्या पहिल्या सकाळी पडद्यावर एकाही शेतकऱ्याला नाव नव्हतं, नुसती प्रश्नचिन्हांची रांग. निरोप एकही हरवला नव्हता. पोच शंभर टक्के होती.

त्यानंतर आम्ही नियम केला की प्रत्येक निरोपाबरोबर त्याच्या लिपीची आणि आकाराची नोंद जाईल, आणि आकार बदलायचा तर आधी वाचणाऱ्यांना विचारायचं. यासाठी तयार साधनं आहेत, त्यांची चर्चा आत केली आहे. आधी विचारायचं ही सवय मात्र कुठलंही साधन लावत नाही. शाखा, मुख्यालय आणि विमेवाले यांना एका टेबलाशी बसवायला मला सहा आठवडे लागले. सर्व्हर बसवायला एक दुपार.

पोच या शब्दावर थोडं थांबतो. ॲक्नॉलेजमेंटला मराठीत इतका नेटका शब्द असताना आपण 'ॲक' म्हणतो याचं मला वाईट वाटतं. तंजावर जिल्ह्यातल्याच कुंभकोणममध्ये सिटी युनियन बँकेचं मुख्यालय आहे. १९०४ मध्ये कुंभकोणम बँक म्हणून सुरू झालेली ही जुनी पेढी. फेब्रुवारी २०१८ मध्ये चोरांनी तिच्या यंत्रणेत शिरून स्विफ्टच्या जाळ्यातून परदेशी तीन खोटे निरोप पाठवले, एकूण सुमारे वीस लाख डॉलरांचे. स्विफ्ट म्हणजे जगातल्या बँकांचं निरोप्याचं काम करणारी, १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली संस्था. बँकेच्या प्रमुखांनी तेव्हा वृत्तसंस्थांना सांगितलं की स्विफ्टला जोडलेला प्रिंटर चोरांनी आधी निकामी केला होता, म्हणजे पोचेचे कागद छापले जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ताळमेळ घेताना बँकेच्या लोकांना ते तीन व्यवहार सापडले. एक रक्कम वाटेतच अडवता आली. त्याच्या दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेव्हाही प्रिंटर बंद पडला होता. चोरांना पोचेची किंमत आपल्यापेक्षा आधी कळली.

कुंभकोणमची ती घटना क्लाउडशी संबंधित नव्हती. मी ती सांगतो कारण स्थलांतराच्या काळात पोचेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. जुनी यंत्रणा चालू, नवी चालू, मध्ये पूल, सगळ्यांचं लक्ष निरोप जातोय का याकडे. गेलेला आणि मिळालेला यांचा आकडा दर तासाला जुळवणारा साधा प्रोग्रॅम आम्ही सगळ्यांत आधी लिहिला. पुलापेक्षाही आधी. आवक-जावक वहीच ती. चौदा महिन्यांत त्या वहीनं दोनदा रात्री उठवलं, आणि दोन्ही वेळा खरं कारण होतं.

कायद्याचा भाग मी आखूड ठेवला आहे, कारण तो बदलतो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवण्याचा आदेश काढला. एप्रिल २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाची कामं बाहेर देण्याबद्दल सविस्तर निर्देश आले, ते त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाले. क्लाउडचा विचार त्यांत स्वतंत्रपणे आहे. सार इतकंच की काम बाहेर देता येतं, जबाबदारी नाही. क्यू कुणाच्याही यंत्रावर असो, शेतकऱ्याचा हप्ता हरवला तर उत्तर संस्थेनंच द्यायचं. हे वाक्य मी संचालकांच्या बैठकीत म्हणालो तेव्हा खोलीच्या त्या दोन ज्येष्ठ तंत्रज्ञांनी प्रथमच माझ्याकडे पाहून मान हलवली.

पुढे त्याच दोघांनी काम तारलं. क्यूंची यादी करायला घेतली तर कागदावर होते त्यांच्या दीडपट निघाले. काहींचा मालकच सापडेना. मी सुचवलं की बंद करून पाहू, ज्याचा असेल तो ओरडेल. त्या दोघांतले एक अशा एका क्यूबद्दल म्हणाले, "सार, हा कुरुवैच्या वेळीच बोलतो." कावेरीच्या मुलखात मेट्टूरचं पाणी सुटलं की, रिवाजानं १२ जूनच्या आसपास, कुरुवै भाताची लगबग सुरू होते आणि पीककर्जांची रीघ लागते. त्या सहा आठवड्यांत जागा होणारा आणि बाकी वर्षभर झोपणारा तो क्यू होता. मी मार्चमध्ये बंद केला असता तर जूनमध्ये ओरडायला शेतकरी उरले असते. कुठल्याही क्लाउडच्या पडद्यावर हे ज्ञान दिसत नाही. यादी करताना खोलीतल्या जुन्या माणसांच्या शेजारी बसा, वही घेऊन, आणि वर्षाचा एक फेरा पूर्ण होऊ द्या. चाराचे चौदा महिने झाले ते मुख्यतः याचमुळे.

प्रत्यक्ष स्थलांतराची रीत थोडक्यात अशी. निरोपांची एकेक वाट वळवावी, सगळ्या एकदम नको. दोन्हीकडे निरोप जाऊ द्यावा, आकडे जुळेपर्यंत खरं काम जुन्यानंच करावं. परत फिरायची वाट शेवटच्या दिवसापर्यंत उघडी ठेवावी. लांबलचक निरोप, म्हणजे कर्जाच्या कागदांच्या छायाप्रतींसकटचे, क्लाउडच्या क्यूत मावत नाहीत. एमक्यूला शंभर एमबीपर्यंत चालतं, एसक्यूएसची मर्यादा बरीच वर्षं २५६ केबी होती. अशा वेळी सामान कोठारात ठेवून निरोपात फक्त बिल्ला पाठवायचा. रेल्वेच्या क्लोकरूमची पद्धत. हे सगळं आत रीतसर आलं आहे, म्हणून इथे आवरतो.

भाषेबद्दल. हिंजवडीच्या कँटीनमध्ये या विषयावरचं सगळं बोलणं मराठीत चालतं, आणि लिहायची वेळ आली की मंडळी मुकी होतात. म्हणून हे पुस्तक. क्यू, ब्रोकर, टॉपिक, सर्व्हर हे शब्द तसेच ठेवले आहेत. 'रांगव्यवस्थापक' असं लिहिलं असतं तर मलाच हसू आलं असतं. पोच, आवक-जावक, ताळमेळ, मुक्काम हे आपले शब्द मात्र हट्टानं वापरले. ते कचेऱ्यांतून आणि टपालखात्यातून आलेले आहेत आणि त्यांना हे काम इंग्रजी शब्दांपेक्षा आधीपासून माहीत आहे. वारसा सांगायला तंजावरसारखं गाव नाही. मेलवीदी या रस्त्यावर मी ज्यांच्याकडे राहत होतो त्या आजी साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या काळात इकडे आलेल्या माणसांची मराठी बोलतात, जिच्यात तमिळ मिसळून गेली आहे आणि जिला व्याकरणाच्या पुस्तकाची गरज कधी पडली नाही. मी दिवसभर काय करतो ते त्यांना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, एवढं मोठं काम, मग जुन्या खोलीतले निरोप गेले कुठे. मी म्हणालो, तिथे काही राहतच नव्हतं. त्यांना ते फारसं पटलं नसावं.

जुना ब्रोकर आम्ही एका शनिवारी रात्री बंद केला. शेवटच्या फेरीत एका क्यूत काही निरोप पडून असलेले दिसले. कधीचे, कुणी टाकलेले, कुणासाठी, काही कळेना. त्यांचा वाचणारा प्रोग्रॅम कधीच काढून टाकलेला होता. ज्येष्ठांपैकी एकानं ते कागदावर छापून घेतले, घडी घालून खिशात ठेवले आणि मग बटण दाबलं.

या पुस्तकात चुका असणार. नव्या सेवांचे आकडे तर छपाईपर्यंतही बदलतील. ज्यांनी असं स्थलांतर केलं आहे, नाशकात असो, नागपुरात की बेळगावात, त्यांनी आपले अनुभव कळवावेत, विशेषतः फसलेले. प्रत्येक पत्राची पोच देईन.